रंग नवा, पंप जुना



ईस्टरनंतर या पानावर मी काहीच लिहिले नाही, म्हणून दोघातिघांनी फोन करून विचारले, "भाऊ, तब्येत बरी आहे ना?" तब्येत बरी आहे. लिहायचे होते ते मंडळीच्या गाडीविषयी, आणि त्यात माझी स्वतःची एक गोष्ट होती. गाडीचे लिहून झाले की त्या गोष्टीपाशी पेन थांबत असे. आज पुरते लिहितो.

सुरतेतले आम्ही मराठी ख्रिस्ती लोक शहरभर विखुरलेले. उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम या बाजूला खानदेशातून आलेल्या मराठी माणसांची मोठी वस्ती आहे. त्यांतच आमची थोडी घरे, कोणी नंदुरबारकडचे, कोणी नगर-जालन्याचे. उपासना मंदिर सगळ्यांनाच लांब पडते. तरुण मंडळी दुचाकीवर येतात. पण गुडघे धरलेल्या आजी, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले काका, तान्ही बाळे असलेल्या बहिणी यांच्यासाठी मंडळीने २००७ सालची एक सुमो जुनीच विकत घेतली. रविवारी सकाळी दोन फेऱ्या, मध्येच कोणाला दवाखाना, आणि कोणी प्रभूमध्ये झोपी गेले तर कबरस्तान. मी पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये मेंटेनन्सला आहे, हातात पाना धरता येतो, म्हणून गाडीची सेवा पहिल्यापासून माझ्याकडेच आली.

(संडेस्कूलच्या मुलांना वाटते की सुमो हे नाव जपानी पैलवानावरून आले. ते टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांच्या नावाआडनावाची पहिली अक्षरे जोडून ठेवलेले आहे. १९९४ पासून २०१९ पर्यंत ही गाडी बनत होती. मुलांना हे सांगितले की ती गाडीकडे जरा आदराने बघतात, पण सीटवर च्युइंग गम चिकटवायचे थांबवत नाहीत.)

२०२२ मध्ये गाडीला पंधरा वर्षे झाली. नेमक्या त्याच वर्षी १ एप्रिलपासून मोटारीच्या फेरनोंदणीची फी सहाशे रुपयांवरून पाच हजार झाली. त्याआधी १३ ऑगस्ट २०२१ रोजी गांधीनगरच्या परिषदेत पंतप्रधानांनी जुन्या गाड्या भंगारात काढण्याचे धोरण जाहीर केले होते, त्यामुळे समितीत तोही विषय निघाला. पण भंगाराचे येणार किती आणि नवी गाडी घेणार कशातून? पाच हजार भरले, गाडी पास झाली आणि पुढची पाच वर्षे मिळाली. गाडी राहिली म्हणजे तिचे सुटे भागही लागणारच. ज्या गाडीचे उत्पादन बंद झाले तिचे काही भाग नवे मिळतात, काही मिळत नाहीत, आणि जे मिळतात त्यांची किंमत ऐकून खजिनदार चष्मा काढून पुसायला लागतात.

गेल्या वर्षी लेंतकाळाच्या सुरुवातीला ऑल्टरनेटरने मान टाकली. मिस्त्री लोक त्याला अजून डायनामोच म्हणतात. बॅटरी चार्ज होईना आणि बेअरिंग कुईकुई करायला लागले. आता इथे थोडे यंत्राचे सांगावे लागेल. बहिणींनी कंटाळू नये, कारण पुढचे सगळे याच्यावर आहे.

ब्रेकच्या पेडलवर आपण पाय ठेवतो, पण एवढी जड गाडी थांबवायला पायाचे बळ पुरत नाही. म्हणून पेडलच्या मागे एक मोठा गोल डबा असतो, त्याला बूस्टर म्हणतात. त्या डब्यातली हवा ओढून घेतली की बाहेरच्या हवेचा दाब आपल्या पायाला मदत करतो. पेट्रोलच्या गाडीत ही हवा इंजिन स्वतःच ओढते. जुन्या डिझेल इंजिनात तशी ओढ नसते. त्यासाठी वेगळा व्हॅक्युम पंप लावतात, आणि सुमोसारख्या पुष्कळ गाड्यांत तो पंप ऑल्टरनेटरच्याच पाठीला, त्याच दांड्यावर बसवलेला असतो. पंपाच्या आत छोट्या पट्ट्या फिरतात, त्यांना इंजिनचे ऑइल नळीने मिळते. म्हणजे दिव्याची वीज आणि ब्रेकची मदत, दोन्ही एकाच भागातून येतात. विजेचे काम ठीक चालले आणि पंप मेला, तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागत नाही. तो दिवा फक्त विजेचे सांगतो.

दुकानात गेलो. नव्याची किंमत नऊ हजार आठशे. रिकंडिशन पाच हजार दोनशे, आणि जुना दिला तर त्यातून हजार कमी. पण दुकानदाराची एक अट होती. जुना कोरडा पाहिजे. पंपातून ऑइल गळत असेल तर हजार नाही, पाचशेच.

आमचा गळत होता. सील गेले होते, ऑइल आत शिरून कार्बन चिकट झाले होते, म्हणून तर तो बंद पडला. मला हे माहीत होते. पेडल महिनाभर किंचित कडक लागत होते, तेही माहीत होते. त्या रात्री घराच्या ओट्यावर बसून मी रॉकेलमध्ये बोळा भिजवून तो डायनामो पुसून काढला. नळीच्या तोंडाशी साचलेले काळे ऑइल काडीने खरवडले. सकाळी तो कोरडाठाक दिसत होता. दुकानदाराने हातात फिरवून पाहिला, हजार वजा केले. पाचशे रुपये मंडळीचे वाचले, माझ्या खिशात एक पैसाही आला नाही, म्हणून मला त्यात पाप वाटले नाही. उलट शहाणपणा वाटला.

रिकंडिशनचा पीस मात्र काय सुंदर होता! चांदीसारखा रंग, नवे स्टिकर, प्लास्टिकची पिशवी. बिल मागितले तर म्हणाले, पक्के बिल पाहिजे तर भाव वेगळा. मी कच्ची चिठ्ठी घेतली. बसवला, गाडी चालू केली, मीटर लावला, चौदा व्होल्ट. समितीत सांगितले की पाच हजार सहाशे वाचले आणि माल तपासून घेतलाय. टाळ्या नाही वाजल्या, पण खजिनदारांनी मान डोलावली, आमच्याकडे ती टाळ्यांहून मोठी.

दुसऱ्या आठवड्यात पेडल पुन्हा जरासे कडक वाटले. सुरतेत राहून एक शब्द आपल्या जिभेवर बसतो, "चालशे". मिलमध्ये बेल्ट झिजला, चालशे. नळ गळतोय, चालशे. मीही स्वतःला तेच म्हणालो.

झावळ्यांचा रविवार होता. दुसरी फेरी. गाडीत नऊ माणसे, त्यांत तीन मुले, हातात झावळ्या, गाणी चाललेली. पुढच्या सीटवर आमच्या मंडळीतल्या सगळ्यांत वयस्कर आजी. रिंग रोडच्या पुलावरून उतरताना खाली गाड्यांची रांग लागलेली, त्यामुळे थोडे थांब, थोडे सोड असे चालले होते. पहिला ब्रेक नीट लागला. दुसरा जड लागला. तिसऱ्या वेळी पेडल दगडासारखे झाले. मी दोन्ही पाय ठेवून उभा राहिल्यासारखा दाबला, दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला. गाडीचा वेग मोडला, पण पुरती थांबली ती पुढच्या रिक्षाच्या पाठीला टेकून. रिक्षाचा मागचा पत्रा आत गेला. रिक्षात एक बाई आणि तिच्या मांडीवर मूल होते. दोघांना काही झाले नाही. आजींचे कपाळ समोरच्या दांडीवर आपटले. चार टाके पडले.

रिक्षावाला उतरला तो मारायलाच. आजींच्या पांढऱ्या पदरावर रक्त पाहून तोच पाणी घेऊन आला.

संध्याकाळी गाडी आमच्या मिस्त्री चाचांकडे ओढून नेली. चाचा मराठी, गुजराती, हिंदी एकाच वाक्यात बोलतात आणि रागावले की तिन्ही बंद करतात. त्यांनी इंजिन बंद असताना पेडल चारपाच वेळा दाबले, मग दाबून धरूनच गाडी चालू करायला सांगितली. पंप चांगला असेल तर अशा वेळी पेडल पायाखाली थोडे खाली बसते. बसले नाही. पंप काढून त्यांनी मला जवळ बोलावले आणि स्क्रूची डोकी दाखवली. स्क्रूच्या खाचेत रंग भरलेला होता, आणि रंगाची साय स्क्रूवरून पंपाच्या अंगावर अखंड पसरलेली होती, कुठे तडा नाही. म्हणजे रंग दिल्यावर तो उघडलाच नव्हता. आणि आतला माल पाहिल्यावर कळले की आधीही उघडलेला नसणार. पट्ट्या कडेने झिजून बोथट झालेल्या, सील कडक होऊन चिरलेले. डायनामोच्या बाजूला मात्र कार्बन नवे होते, एक बेअरिंग नवे होते. दुसरे जुनेच, नुसते ग्रीस भरलेले.

"ब्रेक गेला नव्हता, भाऊ," चाचा म्हणाले. "ब्रेकची मदत गेली होती." बूस्टरच्या नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे साठलेली ओढ दोनतीन दाबांना पुरते. मोकळ्या रस्त्यावर इंजिन जोरात फिरते, दोन ब्रेकांमध्ये वेळ मिळतो, झिजलेला पंपही डबा कसाबसा भरतो. रांगेत, उतारावर, पुन्हा पुन्हा पेडल दाबले की साठा संपतो. म्हणूनच महिनाभर काही कळले नाही आणि त्या दिवशी एका मिनिटात कळले.

जुने दुरुस्त करून वापरणे हे वाईट आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. ते चांगले काम आहे, आणि नीट केले तर मोठ्या कौशल्याचे आहे. फ्रान्समध्ये पॅरिसजवळ श्वाझी-ल-रुआ इथे रेनॉ कंपनीने १९४९ पासून जुनी इंजिने नव्यासारखी करून देण्याचे काम केले. आपल्या सातारा जिल्ह्यात फलटणला कमिन्सच्या प्रकल्पात जुन्या डिझेल इंजिनांवर असेच काम होते. टाटांचीही प्रोलाइफ नावाची योजना आहे. या कामाची रीत अशी की जुना पीस पुरता सुटा करायचा, प्रत्येक भाग धुवायचा, मापाने मोजायचा. बेअरिंग, कार्बन, सील, पट्ट्या यांसारखे झिजणारे भाग चांगले दिसले तरी फेकायचे आणि नवे घालायचे. दांड्यावरची तांब्याची कडी ठरलेल्या मापाहून बारीक झाली असेल तर तो दांडा बाद. शेवटी पीस गरम होईपर्यंत भार देऊन चालवायचा, कारण डायोड थंड असताना ठीक असतो आणि तापल्यावर दगा देतो. मग त्यावर नंबर आणि हमी. दुरुस्ती म्हणजे जे बिघडले तेवढेच बदलणे, तीही सांगून केली तर प्रामाणिकच. तिसरी जात रंगवलेल्या मालाची. बाजारात तिन्हींना एकच नाव आहे, रिकंडिशन, आणि पिशवीही तिघांना सारखीच.

यिर्मयाच्या अठराव्या अध्यायातला कुंभार आठवा. चाकावरचे भांडे बिघडले, तेव्हा त्याने ते रंगवून शेल्फावर ठेवले नाही. तीच माती पुन्हा मळून त्याने दुसरे भांडे घडवले. आणि यहेज्केलाच्या तेराव्या अध्यायात दुसरे लोक आहेत, कच्ची भिंत उभी करून वरून चुना फासणारे. पाऊस येईपर्यंत ती भिंत पक्क्या भिंतीसारखीच दिसते.

मी चिडून दुकानात गेलो. दुकानदार शांतपणे म्हणाला, डायनामोची गॅरंटी दिली होती, डायनामो चालतोय ना? पंपाचे आपले बोलणे झाले नव्हते. मी ग्राहक मंचाचे नाव काढले. त्याने चिठ्ठी मागितली. माझ्या चिठ्ठीवर दुकानाचे नाव नव्हते, तारीख नव्हती, फक्त एक आकडा आणि "आर.सी." एवढेच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालामुळे झालेल्या इजेची भरपाई मागता येते, १९१५ या नंबरवर फोन करून तक्रारही करता येते. पण माल कोणाकडून घेतला हे दाखवायला कागद लागतो. थोडे पैसे वाचवायला मी तो कागद स्वतःच नाकारला होता.

परत येऊन चाचांसमोर मी दुकानदाराच्या नावाने बरेच बोललो. ते पंपाचा स्क्रू फिरवत ऐकत होते. मग म्हणाले, "आणि तू जुना दिलास तेव्हा काय सांगितलंस?"

मी गप्प. डोळ्यांसमोर रॉकेलचा बोळा.

"तोपण आता असाच चांदीचा होऊन कोणाच्या तरी गाडीत बसला असेल," चाचा म्हणाले. एवढेच. मग त्यांनी रेडिओ लावला.

त्या रात्री मी निर्गमचा एकविसावा अध्याय काढला. तिथे मारक्या बैलाविषयी सांगितले आहे. बैलाने माणसाला शिंग मारले तर शिक्षा बैलाला, मालक सुटला. पण तो बैल आधीपासून मारका होता, मालकाला ते माहीत होते, तरी त्याने त्याला बांधून ठेवले नाही, तर हिशेब बदलतो. हे वचन मी लहानपणी नगरला आजोबांच्या तोंडून ऐकले होते आणि मला ते शेतकऱ्यांचे वचन वाटायचे. आमच्या घरी बैल कधीच नव्हता.

पवित्र आठवड्यातच मी समितीसमोर सगळे सांगितले. पुसलेल्या ऑइलचे, कच्च्या चिठ्ठीचे, "तपासून घेतलाय" या खोट्याचेही, कारण मी वीज तपासली होती, पंप नव्हता. खजिनदार काही बोलले नाहीत, फक्त वहीत पुन्हा एकदा ती ओळ वाचली. पाळकसाहेबांनी माझ्यासाठी प्रार्थना केली आणि आमेन म्हटल्यावर लगेच विचारले, "ती दुसरी गाडी अजून रस्त्यावर आहे ना?" मला वाटले होते की क्षमा मागून झाली म्हणजे माझ्या बाजूने संपले.

दुकानदाराने सहज काही सांगितले नाही. तिसऱ्या खेपेला चहा पाजून त्याने माल कुठून येतो ते सांगितले. एका गल्लीत दहा बाय पंधराची खोली होती. भिंतीला दोनशेएक डायनामो रचलेले, कोणत्या गाडीचे कोणते ते रचणाऱ्यालाच माहीत. तिथे काम करणारा पोरगा शहाद्याकडचा निघाला. मी अहिराणीतून बोललो तसा तो मोकळा झाला. त्याला पीसप्रमाणे पैसे मिळतात. दिवसाला पंचवीस-तीस पीस. कार्बन बदल, आवाज करणारे बेअरिंग बदल, टेस्ट बेंचवर लाव, बल्ब पेटला की रंगाला दे. पंपाचे काय, विचारले. तो म्हणाला, "भाऊ, बेंचला ऑइलची लाइनच नाही. पंप तपासायचा कसा? आणि पंपाचे पैसे कोणी देत नाही. आम्हाला सांगितलंय, त्याला हात लावायचा नाही." त्या पोराला लबाड म्हणायला माझी जीभ वळली नाही. गिऱ्हाईक स्वस्त मागते, दुकानदार त्याहून स्वस्त मागतो आणि शेवटी सगळा भाव त्या पोराच्या मिनिटांमधून काढला जातो. ते गिऱ्हाईक मीच होतो.

आमच्या डायनामोची एक खूण होती. बसवण्याचा एक कान कधी काळी तुटला होता, तो आर्गन वेल्डिंगने जोडलेला, जोड जाड आणि वाकडा. पोराला तो आठवला, कारण तिथे रंग नीट बसेना म्हणून दोनदा मारावा लागला होता. सोनगढच्या एका मिस्त्रीने नेला होता. मालकाने मिस्त्रीचा नंबर दिला.

मी फोन केला तर मिस्त्रीला वाटले मी काही विकतोय. म्हणून स्वतःच्या पैशाने नवा पंप घेतला, पक्क्या बिलासह, आणि ईस्टरनंतरच्या शनिवारी उधन्याहून ताप्ती लाइनच्या गाडीत बसलो. बारडोली, व्यारा, मग उकाई सोनगढ. याच लाइनने आमची माणसे नंदुरबारला जातात येतात. डब्यात अर्धी भाषा आपली, अर्धी गुजराती. पंपाची पिशवी मांडीवर होती. शेजारच्या काकांनी दोनदा विचारले, आत काय आहे? मी म्हणालो, एकाचे देणे आहे.

ती गाडीही सुमोच होती, आमच्याहून जुनी, गावोगावची माणसे बाजाराला आणणारी. मालक आदिवासी गृहस्थ, माझ्यापेक्षा थोडे मोठे. मी सांगितले ते त्यांनी ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न केला, "पैसे किती मागायला आलात?" त्यांचे चुकले नाही. सुरतेहून कोणी स्वतःच्या खर्चाने चूक सांगायला येत नाही. मी म्हणालो, पैसे नको, फक्त पेडल दाबून बघू द्या. इंजिन बंद करून चारपाच वेळा दाबले, धरून ठेवले, त्यांनी चावी फिरवली. पेडल तसेच ताठ.

मग तेच बोलायला लागले. महिन्यापासून ब्रेक जड लागतो, त्यांना वाटले लायनर झिजले, म्हणून लायनर बदलले. दर आठवड्याला ऑइल कमी होते, त्यांना वाटले इंजिन संपले. ते खोलायला द्यायचे म्हणून त्यांनी पैसे जमवायला घेतले होते. ऑइल कुठे जात होते ते मिस्त्रीने डायनामोचे मागचे झाकण काढताच दिसले, आत नुसता काळा चिखल. तो वाकडा कान मी ओळखला. माझ्या बोळ्याचे काम त्याच्यावर आता दिसत नव्हते, रंगाखाली गेले होते.

लायनरचे पैसे मी देऊ केले. त्यांनी अर्धे घेतले, अर्धे नाही म्हणाले, का ते सांगितले नाही. आतून चहा आला. पंप बसला, पेडल पायाखाली मऊ खाली गेले, आणि ते गाडी घेऊन घाटाच्या बाजूला एक चक्कर मारून आले. परत येऊन म्हणाले, "आता बाजारच्या दिवशी भीती नाही."

आमच्या गाडीला आम्ही नवाच डायनामो घेतला, पंपासह. खजिनदारांनी चष्मा दोनदा पुसला. रिक्षाचा पत्रा मी करून दिला. आजी ईस्टरच्या उपासनेला त्याच गाडीतून आल्या, कपाळावर पट्टी. चढताना म्हणाल्या, "मला मागे बसव रे. पुढे बसून तुझी गाडी फार दिसते."

यानंतर मंडळीतले बरेच जण विचारायला लागले की जुन्या गाडीचे भाग घ्यायचे तरी कसे. मला जे कळले ते एवढेच. आत काय काय बदलले हे दुकानदाराला विचारा, आणि ते बिलावर लिहून मागा. लिहायला तयार नसेल तर तेच त्याचे उत्तर समजा. स्क्रूवरचा रंग बघा. डिझेल गाडीचा डायनामो बदलला तर चौदा व्होल्टवर खूश होऊ नका, पेडलची ती परीक्षा घरीच करा, एक मिनिट लागते. दिवे, वायपर, काचेची मोटर अशा गोष्टी जुन्या चालतील. ब्रेक आणि स्टिअरिंगपाशी मी आता हात आखडता घेत नाही, आणि समितीनेही तसा ठराव केला आहे. आणि आपला जुना पीस देताना त्याचे दुखणे चिठ्ठीवर लिहून त्याला बांधा. दुकानदार हसतो. हसू द्या.

सोनगढचा तो जुना पंप मात्र राहिलाच. मिस्त्रीने सवयीने तो एका खोक्यात टाकला, सुरतेला बदलीत द्यायचे पीस त्यात होते. मी तो मागून घेतला. त्यांच्याच हातोड्याने दगडावर ठेवून चार घाव घातले, तेव्हा कुठे झाकण फुटले. तुकडे पिशवीत भरून सुरतेला आणले आणि सोमवारी गल्लीत आलेल्या भंगारवाल्याला दिले. त्याने तराजूत टाकले, ॲल्युमिनियमचे पैसे मोजले आणि तुकडे उलटेपालटे करून माझ्याकडे पाहिले.

"काका, फोडला कशाला? अख्खा दिला असता तर दुप्पट दिले असते."